झोळीची बाजू

कृष्णातनं माळ्यावरची काठी उतरवली आणि एक डोळा मिटून तिच्या लांबीवरून नजर टाकली. चुलीपुढं बसलेल्या चिमणाचा भाकरी थापणारा हात परातीतच थांबला.

"अगं, ही वाकलीया."

"मला तर सरळच दिसती," चिमणा म्हणाली.

"वर बघून सांग की!"

वर बघायची गरज नव्हती. काठी वाकली होती आणि का वाकली, हे सगळ्या करवीरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

यंदा दसऱ्याच्या दरबारी खेळांत बांबूउडी नव्यानं आली होती. तालमीच्या दस्तगीर वस्तादांनी एक वेळू निवडला, मारुतीपुढं ठेवला, वरची मूठ कुठं धरायची तिथं शेंदराचा पट्टा ओढला आणि धुरावर मुरायला म्हणून कृष्णातच्या चुलीवरच्या माळ्यावर, दोन तुळयांवर आडवा चढवला. दसऱ्यापर्यंत उतरवायचा नाही आणि बाईमाणसानं तर शिवायचाही नाही, अशी सक्त ताकीद. सराव तालमीतल्या दुसऱ्या काठ्यांवर चालला होता. उडी जमली तर कृष्णातला दरबारच्या पागेत कायमची चाकरी मिळणार होती. नाही जमली, तर हंगाम संपताच बिऱ्हाड उचलून मलकापूरला, सासऱ्याच्या घरी. तिथं चिमणाचे चार भाऊ दाजींची वाटच बघत होते, म्हशी राखायला.

आता गुंडूचं काय सांगायचं? तुळईला झोळी बांधली की हे सहा महिन्यांचं पोर आळी गोळा करायचं. एकदा चिमणानं अगदीच जेरीस येऊन झोळी त्या काठीच्या मधोमध बांधली. काठी हलकेच लवली, वर आली, पुन्हा लवली. गुंडूनं एक जांभई दिली आणि त्याचे डोळे मिटले. मग काय! कृष्णात पागेत गेला की झोळी चढायची, तो यायच्या आत उतरायची. इकडं गुंडूनं बाळसं धरलं, तिकडं काठीनं पोट धरलं. झोळी काढघाल करताना शेंदराचा पट्टाही तिच्या पदराला पुसून गेला, तेव्हा तिनं अंदाजानं तिथं कुंकू लावून ठेवलं. एक पेर खाली लागलं की वर, हे मारुतीलाच ठाऊक.

मैदानावर बायका एका बाजूला कनातीमागं बसल्या होत्या. चिमणा मांडीवर गुंडूला घेऊन वस्तादांच्या बायकोशेजारी, जुलेखाचाचीजवळ टेकली.

दोन खांबांमध्ये दोरी ताणली होती. पलीकडं उकरलेली माती. प्रत्येकाला तीन उड्या. आधीचे गडी दोरीला लटकून नाहीतर दोरीखालून जाऊन बसले होते. आता एकटा कृष्णात उरला होता.

तो धावत आला. काठी खड्ड्यात टेकली, पाय सुटले, आणि काठी मुठीतल्या मुठीत गर्रकन फिरली. कृष्णात दोरी सोडून थेट ताशेवाल्यांच्या अंगावर गेला. ताशा फुटला.

"मूठ खाली आलीया, म्हणून फिरली!" वस्ताद ओरडले. "पट्टा कुणी हलीवला रं? एक पेर वर धर!"

चिमणानं डोळे मिटून घेतले. म्हणजे खालीच लागलं होतं.

दुसऱ्या खेपेला कृष्णातनं मूठ वर घेतली. काठी दोरीच्या अलीकडं उभी राहिली आणि तिच्या शेंड्याला कृष्णात. पुढं जाईना, मागं येईना. वरून त्यानं सगळ्या मैदानाकडं एकदा बघून घेतलं आणि मग सावकाश, निघाला होता तिथंच पाठीवर परत आला. पोरं हसून लोळली. चिमणाला हसू येईना. तो कंबर धरून उठत होता.

वस्तादांनी दुसरी काठी पुढं केली. "ही घे. पहारीगत ताठ हाय. फिरायची न्हाय, लवायची न्हाय."

"वस्ताद, ह्या ताठ काठ्यांवर मी रोजच माघारी पडतोय की."

"मग मूठ आणिक वर धर!"

चिमणाला पुढचं दिसलं. मूठ आणखी वर, काठी पहारीसारखी, आणि खाली पाठीवर पडलेला नवरा. चाकरी राहूदे, धड राहतो की नाही!

"चाची," ती पुटपुटली, "पयलीच काठी बरी हाय. उलटी धरली त्यांनी. पोट वर पायजे, ते खाली लोंबतंय म्हणून फिरती. मूठ वर घेतली म्हणूनच तर माघारी पडलं."

"तुला गं काय ठावं?"

"त्या काठीला मी गुंडूची झोळी बांधती. उलटी पडली की अशीच फिरती."

जुलेखाचाचीचा तोंडाकडं निघालेला विडा हातातच राहिला. "या अल्ला! मारुतीपुढच्या काठीला? आमच्या ह्यांना कळलं तर तुझ्या मालकाला तालमीची पायरी बंद!"

"आन न सांगितलं तर?"

चाचीनं मैदानाकडं बघितलं. कृष्णातनं ताठ काठी उचलली होती. "पोर दे माझ्याकडं," ती म्हणाली, "आन वरड."

नवऱ्याचं नाव तर घेता येत नव्हतं. चिमणानं कनात बाजूला सारली आणि सगळ्या करवीर दरबारासमोर, आयुष्यात कधी काढला नव्हता असा आवाज काढला.

"अवो, गुंडूचं बाबा! पयलीच काठी घ्या! झोळी लोंबती ती बाजू वर करा, आन कुक्कू लावलंय तितंच मूठ धरा!"

वस्तादांच्या मिशा थरथरल्या. "झोळी? कसली झोळी?"

कृष्णातनं बायकोकडं बघितलं, काठीच्या पोटाकडं बघितलं आणि त्याला सगळा उन्हाळा-पावसाळा कळला. त्यानं ताठ काठी खाली टाकली, वाकडी उचलली, पोट आभाळाकडं केलं, कुंकवावर मूठ आवळली आणि धावला.

काठी टेकली, लवली. गुंडूला जशी घ्यायची तशी तिनं बापालाही घेतलं, क्षणभर तोललं आणि अलगद पलीकडं सोडलं. दोरी हललीसुद्धा नाही. चिमणाला रडू कोसळलं. त्या गलबल्यात गुंडू मात्र चाचीच्या खांद्यावर गाढ झोपला होता.

पागेतली चाकरी पक्की झाली. पण वस्ताद त्या दिवशी एक शब्द न बोलता निघून गेले. तालमीची पायरी बंदच, असं समजून कृष्णात आठ दिवस खाली मान घालून वावरला.

नवव्या दिवशी दुपारी वस्ताद दारात. खांद्यावर दोन कोरे करकरीत वेळू. चिमणा पदर सावरून उभी राहिली. कृष्णात खांबाआड सरकला.

वस्तादांनी घसा खाकरला. "पोरी, मारुतीचं मी बघून घेतो. ह्या दोन बी माळ्यावर चढीव. तशाच पायजेत."

"वस्ताद," चिमणा चाचरत म्हणाली, "गुंडू एका वेळी एकाच काठीवर निजतोय. दुसरीला दुसरा लागंल की."

खांबाआड कृष्णातच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. वस्तादांनी मात्र गंभीरपणे दोन्ही वेळू भिंतीला टेकवले.

"मग? गडबड कुणाला हाय? दसरा परत येतोय की."