रित्या दाढेची आणि थोरल्या बाईसाहेबांच्या मौनाची हकीकत

"मंदे, जागा रिती ठेवू नकोस हो," हा थोरल्या बाईसाहेबांचा शब्द स्मरून, दिव्यास हात जोडून, ही हकीकत लिहिली. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. राज्याचे नाव लिहीत नाही. देवघर, माजघर आणि ओसरी एवढाच मुलूख. तेथे थोरल्या बाईसाहेब अंबूताई राज्य करीत, आणि पुत्र नरहरपंत व सूनबाई मंदाकिनी आज्ञेत असत. बाईसाहेबांचा नेम ऐसा की, दिवेलागणीस स्तोत्र मोठ्याने म्हणावे आणि सुक्या खोबऱ्याचा प्रसाद चावून खावा, टाकू नये. पुढे दोहों बाजूंची एकेक दाढ, बिनीच्या सरदारासारखी, पडली आणि खोबरे हिरडीस टोचू लागले. मग स्वारी दंतवैद्य हेरंबरावांकडे गेली. त्यांनी अदबीने तीन मार्ग सांगितले की, काढघालीची कवळी घ्यावी, अथवा शेजारचे दात तासून त्यांवर पूल बांधावा, अथवा जबड्याच्या हाडात धातूचा मळसूत्री खुंटा रोवावा आणि हाडाने तो धरला म्हणजे काही महिन्यांनी वर दात चढवावा, त्यास इंप्लांट म्हणतात. बाईसाहेब बोलिल्या की, कवळी देवापुढे सटकली तर फजिती, आणि निरपराध शेजाऱ्यास तासणे हा न्याय नव्हे, सबब खुंटाच रोवावा. वैद्य म्हणाले, लवकर यावे, रिती जागा खचत जाते.

परंतु घरी येताच पंचांग उघडिले. पंत म्हणाले, पितृपक्षात असले काम नको. आणि मग नवरात्राचे उपास, आणि मग भाचीचे लग्न, आणि मग चातुर्मास लागला, त्यात अधिक महिना आला, ऐसे राहत गेले. इकडे बाईसाहेब प्रसाद तोंडात घालून मुकाट बसू लागल्या. बोभाटा जाहला की बाईसाहेबांनी मौन धरिले. शेजारच्या चिमाकाकू पाया पडून गेल्या, आणि पंत कौतुकाने म्हणाले, "आमच्या आईचं तोंड कधी बंद होईल असं वाटलं नव्हतं." सर्वांस हसू आले. बाईसाहेबही हसल्या, परंतु पदराआडून. सूनबाईंनी स्तोत्र आपल्याकडे घेतले आणि त्यातच सेवा मानिली. तोंडात काय आहे, हे कोणी पुसिले नाही.

मग वर्ष लोटल्यावर पुन्हा गेले, तो वैद्यांनी एक्स-रे पाहोन मान हलविली. हाड खचले, आधी हाडाची भर घालावी लागेल, आणि बाईसाहेबांचे हृदय ते सोसणार नाही, कवळीच घ्यावी. माप दिले, परंतु कवळी येण्याआधी बाईसाहेबांनी अंथरूण धरिले. सूनबाई उशाशी बसून खोबरे किसून भरवू लागल्या, तेव्हां बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "मौन कसलं गं मंदे. खोबरं मऊ व्हायची वाट बघत होते." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही सगळे इतके खूश होतात, मला मोडवेना." मग जागा रिती न ठेवण्याचे वचन घेतले आणि लवकरच कैलासवासी जाहल्या.

यंदा भाद्रपद वद्यात सूनबाईंची दाढ पडली. पंत म्हणाले, "अगं, पितृपक्ष आहे, घट बसू देत की."

सारांश, तिथी सगळ्या पाळिल्या, माणसास पुसावयाचे राहिले. सूनबाईंनी दिवा लाविला, खोबऱ्याचा तुकडा सासूबाईंच्या तसबिरीपुढे ठेविला, चपला घातल्या, आणि दार आवाज न करिता ओढून हेरंबरावांच्या दवाखान्याकडे निघाल्या.