उ कशाचा?

कोटाच्या दोन्ही बाह्या उजव्याच निघाल्या तेव्हा जुळाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. पाठीचा तुकडाही उजवाच होता. कॉलरसुद्धा उजवी होती. जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या राखाडी लोकरी कापडाच्या एकूण एक तुकड्यावर पांढऱ्या खडूनं ठसठशीत ‘उ’ काढलेला होता. ‘डा’ मात्र औषधालाही सापडत नव्हता.

"तुझी आई पहिल्यापासून अशीच," ते मुलीला म्हणाले. "तिचं सगळंच उजवं."

मुलगी हसली नाही. टाचण्यांची डबी सरकवून तिनं दोन ताटांपुरती जागा केली.

"बाबा, शिंप्याकडे द्या ना. लग्न तीन आठवड्यांवर आलंय."

"शिंप्यानंच शिवायचा होता तर तिनं कापला कशाला?"

मुलीनं ताटं वाढली. ती जेवायला बसली. जुळारीही बसले. तिसऱ्या खुर्चीवर कोटाची पाठ ठेवलेली होती, तिला धक्का लागणार नाही अशा बेतानं दोघं जेवले.

जुळारी हे त्यांचं आडनाव नव्हे. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात उभी हयात गेली, म्हणून सगळे त्यांना जुळारी म्हणत. रागावली की बायकोही म्हणायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ते कागदावर सुलटं उमटतं. त्यामुळे उलटं वाचण्यात जुळाऱ्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सुलटं वाचायला मात्र त्यांना किंचित वेळ लागायचा, असं बायको म्हणायची. छापखान्यात पहिला कागद निघाला की ते तो उजेडाकडे धरत आणि मनासारखा असला तर एवढंच म्हणत, "ठसा बरा उठलाय." यापलीकडे कौतुक त्यांना येत नसे. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात तिचं आईवर गेलेलं नाक, कपाळ, हनुवटी बघूनही ते हेच म्हणाले होते. बायकोनं त्यावर दोन दिवस अबोला धरला होता.

कोटाची गोष्ट त्याच्याही आधीची. जुळाऱ्यांच्या स्वतःच्या लग्नाचा एकुलता एक फोटो भिंतीवर होता. त्यात त्यांच्या अंगात रुंद कॉलरचा, तीन बटणांचा, कमरेत घेतलेला झोकदार कोट होता. कोट छापखान्याच्या मालकांचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा माणूस तो घ्यायला दारात उभा राहिला. नवी नवरी समोर बसलेली आणि जुळारी खिशातून रुमाल काढून कोट परत करतायत, हे दृश्य बायकोनं पुढे जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगितलं. शेवटी दरवेळी ती म्हणायची, "पोरीच्या लग्नात तस्साच कोट यांच्या अंगात असेल. मी शिवीन. मग बघू कोण मागायला येतं ते."

मुलीचं लग्न ठरलं तसं तिनं कापड आणलं. फोटोवर भिंग धरून कागदी नमुना काढला आणि कोट कापला. मग ताप आला. साधा वाटला होता. चार दिवसांत ती गेली. कापलेले तुकडे जुन्या चादरीत गुंडाळलेले राहिले. कोट शिवून, तोच घालून मुलीच्या लग्नात उभं राहायचं, एवढं एकच काम जुळाऱ्यांच्या आयुष्यात आता उरलं होतं. त्या कामाला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना चालणार नव्हता.

उजव्याचा घोळ दुसऱ्या दिवशी सुटला. खडू वर येईल असे सगळे तुकडे मांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाह्या एकमेकींच्या आरशातल्या आहेत. एक उजवी आणि एक सरळसरळ डावी. मग ‘उ’ कशाचा? उंचीचा म्हणावा तर कॉलरला कसली आलीय उंची. उरलेला म्हणावा तर सगळेच तुकडे कसे उरतील? उद्याचा असेल का, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. हे काम उद्या करायचं म्हणून तिनं लिहून ठेवलं असेल. मग बराच वेळ त्यांच्या हातून काहीच झालं नाही.

शेवटी छापखाना मदतीला धावला. खिळ्याच्या ज्या अंगाला अक्षर, तेच त्याचं तोंड, तीच दर्शनी बाजू. हे उघड होतं. उघड! ‘उ’ म्हणजे उघडी बाजू. खडू असलेलं अंग बाहेर ठेवायचं. त्या अंगाला कापड जरा खरखरीत होतं, धाग्यांच्या गाठी दिसत होत्या, पण जुन्या वळणाचा कोट म्हटल्यावर तो काही तुळतुळीत असणार नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. तरी खात्री केलेली बरी म्हणून मेहुणीला फोन लावला. दोघी बहिणी एकाच मशीनवर शिवण शिकलेल्या. मेहुणीला हल्ली ऐकू कमी येई, पण ते ती कबूल करत नसे.

"खडूची बाजू उघडी ठेवायची ना?"

"खिडकीची? ठेवा की. घरात वारा नको का खेळायला?"

"खिडकी नाही, खडू. बाहेरून दिसला तर चालतो का?"

"दिसलं तर दिसू दे. तुमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?"

"म्हणजे उघडीच?"

"सताड," मेहुणी म्हणाली आणि जेवता ना वेळेवर, असं विचारून तिनं फोन ठेवला.

मग शिवण सुरू झालं. बारीक खिळे उचललेल्या बोटांना सुईची भीती नव्हती, पण पायमशीन हे वेगळंच प्रकरण होतं. ते जुळाऱ्यांना नको तेव्हा पुढे आणि हवं तेव्हा मागे जाई. संध्याकाळी मुलगी कामावरून आली तेव्हा वडील मशीनशी ओणवे होऊन स्तब्ध बसलेले दिसले. पिशवी दारातच टाकून ती धावली.

"बाबा, काय होतंय?"

"काही नाही. कात्री दे. सदरा शिवला गेलाय."

कोटाची बाही आणि सदऱ्याची बाही एकाच टिपेत झकास जोडली गेली होती. टीप इतकी सरळ होती की उसवताना जुळाऱ्यांना वाईट वाटलं. खांद्यात भरलेला कापूस एकीकडे इतका जास्त झाला की पोक आल्यासारखं दिसू लागलं. तो कमी केला तर दुसरीकडचा जास्त वाटू लागला. बाही तीनदा लावली आणि तीनदा काढली. पण हळूहळू फोटोतला कोट टेबलावर उठू लागला आणि पुष्कळ दिवसांनी जुळाऱ्यांना भूक लागू लागली.

मुलीनं कुठेतरी वाचलं होतं की कोट सुईपेक्षा इस्त्रीनं बनतो. म्हणून डाव्या छातीवर ओलं फडकं ठेवून त्यांनी दाबून इस्त्री फिरवली. फडकं उचललं तर ‘उ’ गायब. अक्षर फडक्यावर गेलं होतं. तेही वाफेबरोबर बघता बघता विरून गेलं.

जुळारी खाली बसले. बायको लिहिणाऱ्यांतली नव्हती. कुठल्या डब्यात काय ते तिला पाठ, म्हणून डब्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. माहेर चार गल्ल्या सोडून, म्हणून पत्रं नव्हती. आयुष्यभर त्यांनी जगाची लाखो अक्षरं जुळवली, पण घरात तिच्या हातची अक्षरं होती ती एवढीच, या कोटावरची. त्यातलं एक त्यांनी आत्ता स्वतःच्या हातानं पुसलं होतं. ते फडकं तोंडाला लावून रडले.

त्यानंतर निजलेल्या माणसाला वळसा घालून जावं तशी इस्त्री प्रत्येक ‘उ’ला वळसा घालून जाऊ लागली. परिणामी कोट सगळीकडे कडक आणि अक्षरांभोवती चुरगळलेला असा तयार झाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी तो घालून दाखवला. मुलीचे डोळे भरून आले. मग सवयीनं तिचा हात त्यांच्या कॉलरकडे गेला.

"खडू राहिलाय, बाबा."

जुळारी दोन पावलं मागे सरकले. "राहिला नाही. ठेवलाय."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग कोटाकडे. तिचा हात खाली आला.

"पाठीवर पण आहे," ती त्यांच्या मागे जाऊन म्हणाली. "खुर्चीला टेकू नका उद्या."

खुर्चीला ते टेकले नाहीत. पण खुर्चीपासून धोका नव्हताच, धोका माणसांपासून होता. लोक इतके परोपकारी असतात याची जुळाऱ्यांना कल्पना नव्हती. हॉलच्या दारातच व्याह्यांनी मिठी मारली आणि "अहो, पाठीला चुना लागला की!" म्हणत प्रेमानं तीन थापा मारल्या. पाठ गेली. छापखान्यातल्या जुन्या सोबत्यानं डोळ्यांत पाणी आणून हात हातात घेतले आणि बोलता बोलता रुमालानं छातीची उजवी बाजू लख्ख करून टाकली. कॉलर फोटोवाल्यानं झटकली. "फोटोत येतं ते, काका," तो म्हणाला. जुळारी एका खांबाआड जाऊन उभे राहिले. मुलीचा बाप खांबाआड गेला म्हणजे रडत असणार, असं समजून चारपाच जणी धीर द्यायला आल्या आणि त्यांतल्या एकीनं सांत्वन करता करता उजवी बाही साफ केली.

आता उरला एकच. डाव्या बाहीच्या आतल्या अंगाला, कोपराच्या जरा खाली. जुळाऱ्यांनी डावा हात किंचितही न घासता अंगाजवळ धरला आणि तो कशासाठीही हलवायचा नाही असं ठरवलं. चहा आला, तो उजव्या हातानं घेतला. बशी आली, ती घेता आली नाही. नवरदेवाचा मामा डॉक्टर होता. त्यानं हे लांबून हेरलं.

"डाव्या हाताला काही होतंय का?"

"काही नाही."

"मग वर करा बघू."

"वर होणार नाही."

"छातीत दुखतं?"

जुळाऱ्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हो," ते म्हणाले. "चार महिने झाले."

मग एकच धावपळ उडाली. खुर्ची आली, पंखा वळवला गेला, कोणीतरी गाणी बंद केली, व्याही गाडी काढायला पळाले. "कोट काढा आधी त्यांचा," डॉक्टरमामा ओरडले आणि दोघांनी बटणांना हात घातला. जुळाऱ्यांनी उजव्या हातानं त्या दोघांना असं काही ढकललं की ते आजारी नसावेत अशी पहिली शंका लोकांना आली.

नवरी मंचावरून धावत आली. तिच्या मागोमाग मेहुणी. मेहुणीला ओरडा ऐकू आला नव्हता, पण कोट दिसला होता. तिनं बाहीचं कापड दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिलं.

"भाऊजी, हे काय हो केलंत? अख्खा कोट उलटा शिवलात."

"उ म्हणजे उघडी," जुळारी तिच्या कानाशी म्हणाले. "खडूची बाजू उघडी. तुम्हीच म्हणालात, सताड."

"उ म्हणजे उलट. आम्ही दोघी लहानपणापासून असंच लिहायचो. उलट बाजू आत जाते, तिच्यावर अस्तर लागतं. मग आतला खडू कोण बघतंय आणि कोण पुसतंय? जन्मभर राहतो."

आजूबाजूच्या कोणाला नीटसं काही कळलं नव्हतं, पण जुळाऱ्यांचा चेहरा सगळ्यांना दिसत होता. उभी हयात उलटं वाचण्यात घालवलेल्या माणसाला बायकोनं एकच अक्षर लिहून ठेवलं होतं. तेवढं वाचलं असतं तर तिची सगळी अक्षरं त्यांच्या अंगाशी, अस्तराखाली, सुखरूप राहिली असती. ती त्यांनी चव्हाट्यावर आणली आणि लोकांनी भल्या मनानं पुसून टाकली. त्यांना हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी रडू झालं.

मुलगी त्यांच्यासमोर वाकली. "एक तरी राहिला का, बाबा?" तिनं हळूच विचारलं.

जुळाऱ्यांनी मान डोलावली आणि तिला दाखवायला म्हणून डावा हात उचलला. ती तशीच त्या हाताखाली शिरली आणि तिनं त्यांना घट्ट मिठी मारली. लहानपणी छापखान्याच्या दारात मारायची तशी. पुसला जाईल हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तरी त्यांनी तो हात तिच्या पाठीवर टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"चला, काही झालेलं नाही यांना," डॉक्टरमामा म्हणाले. गाणी पुन्हा लागली. मुलगी डोळे टिपून मंचाकडे निघाली. बाहीवर आता नुसती पांढुरकी धूळ होती. पण मुलीच्या गडद निळ्या पोशाखावर, पाठीच्या मधोमध, खडूचं काहीतरी उमटलेलं होतं. कोणालाही तो डागच वाटला असता. जुळाऱ्यांनी मात्र चष्मा पुसून पाहिलं. ‘उ’ होता. आरशातला, खिळ्यावर असतो तसा.

"अगं, थांब, पाठीला काय लागलंय बघ," म्हणत मेहुणी रुमाल घेऊन पुढे झाली.

जुळाऱ्यांनी तिचा रुमाल धरला.

"राहू द्या," ते म्हणाले. "ठसा बरा उठलाय."