सेफ्टीसाहेबांची स्लाइड

कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरने स्वतःच्या मुलीला पडायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या बायकोने एकच प्रश्न विचारला, "कुणाला विचारून?"

प्रश्न रास्त होता. कारखान्यात सगळे त्यांना सेफ्टीसाहेब म्हणत, आणि साहेबांची उभी हयात माणसांनी पडू नये यासाठी खर्ची पडली होती. जिन्याला कठडे, सांडलेल्या तेलावर भुसा, प्रत्येक डोक्यावर हेल्मेट. मशीनजवळ कुणी धावताना दिसलं की साहेबांची शिट्टी वाजलीच म्हणून समजा. घरातही बाथरूमबाहेर एकापुढे एक पायपुसणी अंथरलेली असत. (त्यांतल्याच एकाला अडखळून त्यांच्या मेव्हण्याचा पाय मुरगळला होता, पण तो विषय घरात कुणी काढत नसे.)

पण वेळच तशी आली होती. मुलगी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात होती. तिचा पाय जमिनीवर ठरत नसे, म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. या खेळात मैदानावर मांडलेल्या बेसवर चेंडूच्या आधी पोचायचं असतं, आणि चेंडू अगदीच जवळ आला असेल तर शेवटचं अंतर जमिनीवरून घसरत कापायचं असतं. त्याला म्हणतात स्लाइड. काही दिवसांपूर्वी खारूताईच्या जिवलग मैत्रिणीने घसरताना हात खाली टेकवला आणि मनगट मोडून घेतलं. हाड मोडल्याचा आवाज खारूताईने ऐकला होता. तेव्हापासून ती पळायची पूर्वीसारखीच, पण बेस जवळ आला की पाय आखडायचे. ती उभीच राहायची आणि आऊट व्हायची. शनिवारी स्पर्धेसाठी संघ निवडणार होते, आणि कोचबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की जिला स्लाइड येत नाही ती बाहेर बसेल.

"मला नाही खेळायचं," जेवताना ती मान खाली घालून म्हणाली. "मला आता आवडतच नाही ते."

ती खोटं बोलतेय हे आईबाबा दोघांनाही कळलं.  पोरीचं इतकं आवडीचं काहीतरी भीतीपायी सुटत होतं, आणि या घरात घाबरायला तिला शिकवलं कुणी, हा प्रश्न मनात येताच साहेबांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून मैदानावर गेले. कोचबाई मोजकंच बोलणाऱ्या. "एक पाय दुमडून दुसऱ्याखाली घ्यायचा. हनुवटी छातीशी, दोन्ही हात वर, आणि बसत बसत घसरायचं. घरी ओल्या प्लास्टिकवर सराव करून घ्या, बूट काढून. आणि एकदा ठरवलं की ठरवलं. मध्येच मन बदललं की मोडतं."

साहेबांनी मान डोलावली. मनातून मात्र त्यांना वाटलं, यात खबरदारीचं काहीच कसं नाही?

ती उणीव त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी भरून काढली. बायको कामावरून यायच्या आत त्यांनी स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंतच्या पॅसेजमध्ये प्लास्टिक अंथरलं, भिंतींना उशा लावल्या आणि मुलीला तयार करायला घेतलं. गुडघ्यांना टॉवेल, कोपरांना टॉवेल, पोटावर उशी, पाठीवर उशी, वरून चिकटपट्टीचे वेढे, आणि डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट.

"बाबा, मला पाय दुमडता येत नाहीये."

"जरा जोर लाव."

"मला खालचं काही दिसत नाहीये."

"बरंच आहे. भीती वाटणार नाही."

खारूताईने जेमतेम चार पावलं टाकली आणि गुंडाळलेल्या गादीसारखी हळूच आडवी झाली. लागलं कुठेच नाही. पण तिला उठता येईना, आणि छताकडे बघत ती मुकाट्याने रडायला लागली.

"मला नाही जमणार बाबा. कधीच नाही जमणार."

हे काही साहेबांना बघवेना. त्यांनी तिला उठवून बाजूला बसवलं. "थांब, मी करून दाखवतो," ते म्हणाले आणि पँट वर दुमडली. पाणी कमी वाटलं म्हणून त्यांनी प्लास्टिकवर भांड्यांचा साबणही ओतला. (कारखान्यात कुणी असा साबण सांडला असता, तर साहेबांनी तो अख्खा विभाग बंद ठेवला असता.) स्वतःच्या अंगावर बांधायला घरात एकही उशी उरली नव्हती. ते स्वयंपाकघराच्या दारातून धावत निघाले, पाय दुमडला, हनुवटी छातीशी घेतली, हात वर केले. अगदी झकास चाललं होतं.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि पिशवी घेऊन बायको आत आली.

पुढून माणूस आला की थांबायचं, ही साहेबांची जन्माची सवय. त्यांनी थांबायचं ठरवलं आणि हात टेकवला. कट्ट असा आवाज झाला. साबण मात्र थांबायला तयार नव्हता. बायको भिंतीला चिकटली, आणि साहेब तिच्या पुढ्यातून उंबरा ओलांडून थेट समोरच्या शेजाऱ्यांच्या दारावर आदळले.

"अहो! हे काय चाललंय काय?"

"सराव," साहेब कण्हत म्हणाले.

"बाबा!" खारूताईने हेल्मेट फेकलं, उशा-टॉवेल ओरबाडून काढले आणि ती धावत सुटली. प्लास्टिकवर पाय पडताच तोल गेला. पण तिने पाय दुमडला, हनुवटी खाली घेतली, हात वर केले, आणि आईच्या पुढ्यातून सर्रकन घसरत ती बाबांच्या पायांशी जाऊन थांबली.

"लागलं का रे बाबा?"

"अगं, तू घसरलीस!" आई पिशवीसकट तिथेच उभी होती.

"मग काय करणार? बाबा इकडे पडला होता ना." मग तिने बाबांचा वाकडा झालेला हात बघितला आणि डोळे पुसत, एकदम कोचबाईंच्या सुरात म्हणाली, "तू मध्येच मन बदललंस."

शनिवारी ती घसरली आणि संघात आली. प्लास्टरमुळे साहेबांना टाळ्या वाजवता येईनात. ते एका हाताने मांडीवर थापा मारत राहिले आणि भर मैदानात, कुणाचीही भीड न बाळगता, रडले. बायकोने त्यांना रुमाल दिला आणि या खेपेला काहीही विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात कोचबाईंचा फोन आला. लहान मुलींची नवी तुकडी सुरू होतेय, स्लाइडच्या पहिल्या तासाला तुम्ही जरूर या. साहेबांचा आनंद गगनात मावेना. रात्री जागून त्यांनी सुरक्षित पडण्यावर एक भाषण पाठ केलं, इस्त्रीच्या शर्टाची बाही प्लास्टरसाठी उसवून घेतली आणि वेळेआधीच मैदानावर हजर झाले. मुली ओळीने बसल्या होत्या. साहेबांनी घसा खाकरला.

"नाही नाही, बोलायचं काही नाही," कोचबाई म्हणाल्या. "तुम्ही नुसते उभे राहा." मग त्या मुलींकडे वळल्या. "घसरताना हात टेकवला तर काय होतं, ते नीट बघून घ्या. काका, जरा वर धरा. मागच्यांना दिसत नाहीये."