जादूकाकांची सासू-शोध मोहीम

चेहरा शोधावा तर जादूकाकांनीच, असं खुद्द जादूकाकाच सगळ्यांना सांगत! सिनेमासाठी नवे चेहरे हुडकायचं त्यांचं काम, आणि हौस जादूची. समोरच्याला जादू दाखवायची आणि त्याच्या तोंडावर काय उमटतं ते बघायचं, ही त्यांची परीक्षा. आहे काय नि नाही काय!

या वेळी मात्र घोडं अडलं. दिग्दर्शकाला हवी होती खाष्ट सासू.

"घर पेटलं तरी बाईची पापणी लवता कामा नये! संध्याकाळपर्यंत आणा, नाहीतर उद्यापासून येऊच नका!"

काकांनी दिसेल त्या बाईच्या कानातून कागदी फूल काढलं. एक किंचाळली, एक खिदळली, एकीनं तर काकांच्याच कानाखाली वाजवली! नोकरी गेली म्हणून समजा. गाल चोळत ते घरी आले आणि सवयीनं बायकोच्याही कानातून फूल काढलं.

"दूध आणलंत का?" काकूंनी विचारलं.

काका उडालेच! वर्षानुवर्षं जादू बघून हिचा चेहरा पार ढिम्म झाला होता!

"चल, तुला सिनेमात घालतो!"

"थांबा. आधी तो कोट द्या इकडे. चारचौघांत या अवतारात जाणार?"

स्टुडिओत काकांना चेव चढला. "साहेब, तुमचं घड्याळ द्या. ते फोडतो, तुम्ही फक्त हिचा चेहरा बघा!"

खुबी साधी होती. रुमालात आधीच एक मोडकं घड्याळ दडवलेलं. साहेबांचं घड्याळ रुमालाआडून कोटाच्या अस्तराच्या फटीतून हळूच आत सोडायचं आणि हातोडा मोडक्यावर हाणायचा. काकांनी ते सोडलं, बायकोकडे ऐटीत बघितलं आणि दणका दिला!

रुमालातून दोन घड्याळांचा भुगा निघाला.

"अहो, सासऱ्यांनी दिलेलं होतं ते!" दिग्दर्शकानं टाहो फोडला. "आता घरी काय सांगू?"

काका अस्तरातली फट शोधू लागले. काकू भुग्याकडे बघत होत्या, अगदी भाजी निवडताना बघतात तशा.

"अस्तर उसवलं होतं, म्हणून निघताना टाके घातले," त्या म्हणाल्या. "रुमाल आजच धुतला होता हो."

दिग्दर्शकाचा टाहो अर्ध्यात थांबला. तो काकूंकडे बघतच राहिला. "हीच! हीच माझी सासू! बाई, काम तुमचं! आणि तुम्ही," तो काकांकडे वळला, "चालते व्हा!"

"ते नाहीत तर मीही नाही," काकू म्हणाल्या. काकांना भरूनच आलं. इतकी माया, आणि चेहऱ्यावर रेघ नाही!

"बरं बाई, राहू देत!"

"पण माझी एक अट आहे. स्टुडिओत ह्यांच्या हाती कुणी रुमाल द्यायचा नाही."

"अगं, सर्दी झाली तर?" काका कळवळले.

"बाही आहे की," काकू म्हणाल्या, पापणीही न लवता.