कदिशला एक कमी

शालोमभाऊ वाकरूळकरांनी काळाचौकीच्या आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'ओळख यहुदी संस्कृतीची' असा कार्यक्रम ठेवला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, सेफोराबाईंनी, एवढंच विचारलं होतं, की मामंजींचं वर्ष ज्या दिवशी आहे त्याच संध्याकाळी हे भाषण कशाला?

"त्यासाठीच तर," शालोमभाऊ म्हणाले.

वडिलांच्या नावानं कदिशची प्रार्थना म्हणायची तर दहा यहुदी पुरुष एका जागी उभे हवेत. नऊ चालत नाहीत. आणि आजकाल नुसत्या प्रार्थनेला बोलावलं की लोक गुडघे, पाहुणे आणि क्रिकेटची मॅच पुढं करतात. कार्यक्रम म्हटला आणि नंतर मलिदा आहे म्हटलं, की बरोबर जमतात, असा त्यांचा अनुभव. बारा जणांनी येतो म्हणून कळवलं होतं. थोरल्या भावाला, हसकेलदादांना, मात्र बोलावलं नव्हतं. वडिलांच्या तिसाव्या दिवशी मलिद्याच्या पोह्यांत गूळ घालायचा की साखर, यावरून भर पाहुण्यांत दोघा भावांची जी जुंपली, ती अजून तशीच होती.

हॉल गच्च भरला. फक्त भरला तो शेजाऱ्यांनी. यहुदी पुरुष शालोमभाऊंना धरून मोजून सात. शालोमभाऊंनी दाराकडे डोळा ठेवून शब्बाथबद्दल, शनिवारच्या विश्रांतीबद्दल, सांगायला सुरुवात केली. मग खाण्याचे नियम सांगितले: ज्या माशाला खवले आणि पर असतात तेवढाच चालतो. त्यावर पुढच्या रांगेतल्या सुमेधाताई दुःखी झाल्या.

"म्हणजे कोळंबी नाहीच? काय हो हे."

कोळंबीवरून चर्चा तिसऱ्या-शिंपल्या आणि कुर्ल्यांवर गेली. तेवढ्यात दोघे यहुदी आत आले. नऊ झाले. शालोमभाऊंना बोलायला हुरूप आला. पण अर्ध्या वाक्यात त्यांच्या एका चुलतभावाचा फोन वाजला. तो फोन कानाला लावून बाहेर गेला, तो गेलाच. मग दोघे साडू एकदम उठले. गाडी चुकीच्या जागी लावलीय म्हणाले.

"एका गाडीला दोघं कशाला?" शालोमभाऊंनी माइकवरूनच विचारलं.

पण ते जिन्यात पोचले होते. मग कुणाला औषध आठवलं, कुणाला सासू. शालोमभाऊ तोंडानं पाहुणचाराची थोरवी सांगत होते आणि मनात एकेकाला शिव्या घालत होते.

त्यांची घालमेल पाहून गणेशोत्सव मंडळाचा कोंडीराम जवळ आला. "काका, किती पोरं कमी पडतायत? मंडळाची पन्नास आणून उभी करतो. टोप्या तेवढ्या द्या."

शालोमभाऊंनी कपाळाला हात लावला आणि समजावलं की माणूस यहुदीच लागतो.

"असं होय," कोंडीराम समजूतदारपणे म्हणाला. "आमच्या कमिटीत पण बाहेरचा मेंबर चालत नाही."

शेवटी एकटे बिन्यामीनकाका उरले. वय ऐंशीच्या पुढं, भरवशाचा माणूस. त्यांनीही फोन खिशात टाकून काठी उचलली, तेव्हा शालोमभाऊंनी त्यांचा हातच धरला. "काका, तुम्ही कुठं?"

"माझगावला. हसकेलनं पण आज घरी कदिश ठेवलाय. तुझीच माणसं एकेक करून त्यानं बोलावलीत."

"दादानं? आणि तुम्ही मला इथं एकटा सोडून निघालात?"

"तिथं मी धरून नऊ होतात. इथं तू धरून दोन. या वयात मी सोपं बघतो." काका दारात वळले. "दहावा कोण, ते तू बघ."

शालोमभाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. आपली माणसं पळवायची, आणि वर आपणच उठून त्याच्या दारात जायचं? मुळीच नाही. मग त्यांना बाबांची आठवण आली. बाबांनी जन्मात पोरांकडे काही मागितलं नव्हतं. मागितला तो एक कदिश. तो आज दोन्हीकडे बुडणार होता. त्यांना एकदम फार वाईट वाटलं. त्यांनी माइक सेफोराबाईंच्या हातात कोंबला, पुढचं तू सांग म्हणाले आणि टॅक्सी पकडली.

माझगावचे तीन मजले ते धापा टाकत चढले. आत सगळे टोप्या घालून बसले होते. दोघे साडू छताकडे बघायला लागले.

"आलो," शालोमभाऊ म्हणाले. "करा सुरू. दादा कुठाय?"

बिन्यामीनकाकांनी काठीवर कपाळ टेकलं. "तुझ्याकडे गेला. म्हणाला, धाकटा हट्टी आहे, तो काही यायचा नाही. मलाच जायला हवं."

म्हणजे पुन्हा नऊच. शालोमभाऊंना हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात फोन वाजला. जवळजवळ वर्षानंतर दादाचं नाव दिसत होतं.

"कुठं आहेस?" हसकेलदादा ओरडले. "इथं तुझी बायको मला भाषण करायला लावतेय."

"तुझ्या घरात आहे. तिथंच थांब, मी येतो."

"तू थांब. थोरला मी आहे, मी येतो."

"थोरला आहेस म्हणूनच मी येतो."

फोन ठेवून शालोमभाऊ तरातरा निघाले, तर बिन्यामीनकाका खुर्ची ओढून दारातच आडवे बसले होते. साडूंनी दोन्ही दंड धरले. आज हातात आलेला वाकरूळकर कुणीही सोडणार नव्हतं.

हसकेलदादा कोंडीरामच्या स्कूटरवरून आले. भाऊ एकमेकांकडे न बघता शेजारी उभे राहिले. प्रार्थना सुरू झाली आणि कदिशला दादांनी घाईनं सुरुवात केली. शालोमभाऊंनी आवाज चढवून त्यांना गाठलं आणि मागं टाकलं. दादा पुन्हा पुढं. आमेन कुणाच्या मागं म्हणायचं, ते कुणाला समजेना.

"थांबा," बिन्यामीनकाकांनी काठी आपटली. "बाप एकच होता ना तुमचा? मग एकदाच म्हणा."

दोघांनी पहिल्यापासून म्हणायला घेतलं, या वेळी एका लयीत. निम्म्यावर शालोमभाऊ डोळे पुसायला लागले आणि मागं पडले. हसकेलदादा थांबले. धाकट्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी पुढचा शब्द घेतला नाही.