शेळीची सरासरी

स्पीडवेचा संघ कसा बांधावा हे अख्ख्या इंग्लंडात कुणाला कळत असेल तर ते मला, नॉर्मन क्लेगला! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नाही. स्केल्मर गावच्या 'कोल्हे' संघाचा मी मालक, व्यवस्थापक आणि पावसानंतर ट्रॅकवर भुसा टाकणारा. तरुणपणी मी स्वतःही शर्यतीत उतरत असे. परवाना अजून दरवर्षी नवा करून घेतो. आमच्या चहाच्या टपरीत तो चौकटीत घालून टांगलाय, गिऱ्हाइकांवर छाप पडते.

खेळ तसा सोपा. चार मोटरसायकली, लाल मातीचा ट्रॅक, चार फेऱ्या, फक्त डावीकडे वळायचं. गाड्यांना ब्रेक नसतात. अवघड असतं ते संघ जमवणं! प्रत्येक स्वाराची गुणांची सरासरी असते आणि सातही जणांच्या सरासऱ्यांची बेरीज लीगच्या मर्यादेत बसावी लागते. म्हणजे इकडे एक वाघ आणायचा तर तिकडे एक शेळी बांधायलाच हवी. त्यात दर हिवाळ्यात आम्ही मालक एका हॉटेलात जमतो, मनसोक्त भांडतो आणि सगळे नियम बदलून घरी येतो. कधी दोन लीगची एक करतो, कधी एकीच्या दोन. गेल्या बैठकीत कुणीतरी विचारलं, "वरच्या लीगमध्ये कोण कोण येणार?" त्याच वेळी मी हात वर केला. मला खरं तर चहा हवा होता.

झालो आम्ही वरच्या लीगचे!

पण मी डगमगलो नाही. माझ्याकडे वाघ ठरलेला होता. डेन्मार्कचा टॉर्बन! जुलैत नव्या सरासऱ्या लागल्या की तो येणार होता, आणि तो आला तरच वरच्या लीगमध्ये आमचा निभाव लागणार होता. गावभर त्याची पोस्टरं लागली होती. शेळी तर घरचीच होती. माझी बायको बेरिल, तिच्या बहिणीचा मुलगा विल्फ. वळणावर मागच्याला "या ना, आधी तुम्ही" म्हणणारा हा पोरगा कायम शेवटचा येई. त्याला संघात घेतलं तेव्हा बेरिलचे डोळे भरून आले.

"माझ्या माहेरच्यांवर तुझा एवढा जीव आहे हे मला ठाऊकच नव्हतं, नॉर्मन!"

मी नम्रपणे मान खाली घातली.

मोसमाच्या पहिल्याच शर्यतीत पुढचे तिघे पहिल्या वळणावर एकमेकांत गुंतून आडवे झाले. विल्फ नेहमीप्रमाणे बराच मागे होता. तो सावकाश वळसा घालून आला, "लागलं का हो फार?" असं विचारून पुढे गेला आणि पहिला आला! तो रडला, बेरिल रडली. मीही रडलो, पण माझं कारण वेगळं होतं.

पोरगा जड झाला की आपोआप मंदावेल असा मी हिशेब केला. रोज टपरीतून त्याला गरमागरम पाई, म्हणजे मटण भरलेली खुसखुशीत पेस्ट्री, नेऊन द्यायला लागलो.

"पुरे काका, पोट फुटेल!"

"खा रे, वाढतं वय आहे!"

"एकतीस वर्षांचा आहे तो," बेरिल म्हणाली, पण कौतुकानं.

पुढच्या सामन्याआधी धो धो पाऊस. चिखलात हलके स्वार बाहुल्यांसारखे घसरत होते. विल्फच्या वजनानं मात्र मागचं चाक मातीत असं काही रुतलं की गाडी तोफेतून सुटल्यासारखी निघाली. त्या दिवशी त्याच्या पुढे कुणी दिसलंच नाही.

मग मी त्याला बाजूला घेतलं. "हे बघ विल्फ, आतली बाजू पट्टीच्या स्वारांची. तू आपला बाहेरून, कुंपणाला धरून चालव. जिवाला सांभाळ." बाहेरून अंतर जास्त पडतं, हा माझा डाव! पण चाकांनी उडवलेली सगळी मोकळी माती कुंपणाशीच जाऊन साठते आणि पकड तिथेच मिळते, हे इतकी वर्षं ट्रॅक झाडूनही माझ्या लक्षात राहिलं नाही. विल्फ कुंपण खरवडत सगळ्यांना मागे टाकत गेला.

"काका, तुम्ही गुरू आहात!" तो माझ्या गळ्यात पडला.

जुलैत लीगच्या कचेरीतून ओलरेनशॉबाईंचा फोन आला. "क्लेग, तुमची बेरीज बसत नाही. विल्फ भलताच वर गेलाय. टॉर्बन येऊ शकत नाही."

"मग विल्फला काढतो!" मी ओरडलो.

मागे कप फुटला. बेरिल उभी होती, आणि तिच्यामागे पाई खात विल्फ.

"काढतोस? का?"

"अगं, फार जोरात चालवतो म्हणून!"

विल्फनं पाई खाली ठेवली. "काका, मी हळू चालवू का? मला येतं ते." असं म्हणाला हो तो! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बेरिलनं माझ्या हातातून फोन घेतला. "बाई, विल्फ राहील आणि टॉर्बनही येईल. काय करावं लागेल ते सांगा."

"मग एकाला बसवून त्याच्या जागी अगदीच टाकाऊ स्वार आणा. तेवढ्या कमी सरासरीचा परवानाधारक आमच्याकडे एकच आहे."

"कोण?"

बाईंनी नाव सांगितलं. बेरिलनं टपरीतल्या माझ्या परवान्याच्या चौकटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "खा," ती म्हणाली आणि पाई माझ्यापुढे सरकवली.

शनिवारी जुना चामडी पोशाख पोटाला दोरीनं आवळून मी ट्रॅकवर उतरलो. सुरुवातीच्या रेषेवरची आडवी फीत वर गेली, मी दचकून वेगाची मूठ पिळली, गाडी उधळली, आणि बाकीचे तिघे मला चुकवता चुकवता एकमेकांवर गेले. मी सगळ्यांत पुढे! आयुष्यात पहिल्यांदा!

कुंपणाशी बेरिल, विल्फ आणि ओलरेनशॉबाई जीव खाऊन ओरडत होते, "हळू! नॉर्मन, हळू! सरासरी वाढेल!" टॉर्बन दोन्ही हातांनी डोकं धरून उभा होता. मी जिंकलो तर तो संध्याकाळच्या बोटीनं परत जाणार होता.

पण हळू कसं व्हायचं? गाडीला ब्रेक होता कुठे!

शेवटच्या वळणावर मी पडलो. शून्य गुण. संघ बचावला, टॉर्बन राहिला, गावानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. संघासाठी मी मुद्दाम अंग टाकलं असं बेरिल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मी प्लास्टरमधला पाय वर टांगून पलंगावर पडलेला असतो, आणि नम्रपणे मान खाली घालतो.