आक्कांचा पेला

सन छप्पन्नचा श्रावण. दहा दिवस आभाळ उघडं होतं, आणि पाऊस मोजून टिपणाऱ्या सुकदेवच्या वहीत रोज साठ सेंट, म्हणजे साठ शतांश इंच, पाऊस होता.

ओव्हरसियर रतिलाल पिंपळनेरहून सायकल मारत आला. "सुकदेव, रोज अर्ध्या इंचावर पाऊस आणि नाल्यात थेंब नाही?"

"रातले पडत व्हई, भाऊसाहेब. मनी झोप गाढ शे."

रतिलालला हसू आलं नाही. पडलेल्या पावसातला किती नाल्याला मिळतो, याचा धुळ्याच्या कचेरीतला तक्ता परमुलखातला होता. तो या लहानशा नाल्यावरच्या मापांनी दुरुस्त व्हायचा होता. वही अशीच गेली तर साहेब म्हणणार, इथली जमीन सगळं पिते, इथे बांधायचा बंधारा भरायचा नाही. त्या बंधाऱ्याखालीच सुकदेवचं शेत येणार होतं.

पर्जन्यमापक धुरपदाआक्कांच्या अंगणात होता. दुसऱ्या दिवशी रतिलाल पहाटेच येऊन ओट्यावर बसला. आक्का पितळी पेला भरून बाहेर आल्या आणि सरळ मापकात ओतून मोकळ्या झाल्या.

"आक्का! हे काय?"

"आठे," मापकाच्या जागेकडे बोट करत आक्का म्हणाल्या, "त्यास्नी खाट ऱ्हाये. उठताच पहिलं पानी त्यास्ले. आते ते नहीत. तुम्हीन तठेच हाई भांडं मांडं. रिकामं कसं ठेवू?"

रतिलाल मापकाजवळ उकिडवा बसला. मग त्याने मोजनळी काढली. पेला भरला बरोबर साठ सेंट. म्हणजे रोजचे साठ वजा केले की झालं!

"आक्का, एखादा दिवस चुकला?"

"नागपंचमीले चार दिन पारोळाले पोरकडे गयती. तितलाच."

रतिलालने वहीत नागपंचमी काढली. साठ, साठ, साठ, साठ.

सुकदेव कडुनिंबाकडे पाहू लागला. "रोज साठच निंघे, भाऊसाहेब. मंग म्हनं, कसाले चक्कर..."

त्या चार न मोजलेल्या दिवसांवर फुली बसली. बाकीच्यांतून पेला वजा झाला, तशी पावसाची आणि नाल्याची गाठ पडली. बंधारा यादीत राहिला. मापक दहा पावलं सरकला, आणि माप घ्यायचं काम आक्कांकडे गेलं. चार दिवस सोडले तर पावसाळाभर न चुकलेलं माणूस दुसरं कोण होतं? आक्का नळी धरत, सुकदेव फक्त लिही.

पहिल्या दिवशी त्याने शून्य लिहिलं. आक्कांनी पेला जुन्या जागी ओतला. बघता बघता पाणी मुरलं.

"आक्का, जमीन बठ्ठं पी गई!" सुकदेव घाबरला.

"पिऊ दे," आक्का म्हणाल्या. "त्यास्ले तहान जास्तीच लागे."